पाटी बदलली, वेबसाइट बदलायची का?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबाद शहराच्या नामांतराला मंजुरी दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्हा, तालुका आणि महसुली विभागाचे नावही छत्रपती संभाजीनगर झाले, मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात रेल्वे स्थानकाचेही नाव बदलले. त्यामागच्या राजकारणात इथे शिरायचे नाही. पण गारखेडा परिसरातला एखादा दवाखाना, क्लास किंवा मंगल कार्यालय असो, नाहीतर कारखाना वाळूजला आणि ऑफिस सूतगिरणी चौकात असलेला उद्योजक असो, या सगळ्यांच्या हाती नामांतराने एक कसोटी फुकटात दिली आहे. आपल्या वेबसाइटवरचे शहराचे नाव बदलायला बसावे. ते काम किती ठिकाणी, किती वेळात आणि किती जणांच्या मिनतवाऱ्या करून पुरे होते, यावरून साइट नव्याने करून घ्यायची वेळ आली आहे की नाही, हे बरेचसे कळते.

नीट बांधलेल्या साइटवर पत्ता एकाच जागी साठवलेला असतो. तिथे बदलला की प्रत्येक पानाच्या तळाशी, संपर्काच्या पानावर, चौकशीच्या फॉर्मखाली आपोआप बदलतो. ऑफिसातले कोणीही लॉगिन करून चहा येईपर्यंत हे उरकू शकते. अशा साइटचे रंग जुनाट वाटले, फोटो पाच वर्षांपूर्वीचे असले, तरी ती मोडून नवी करण्याची घाई नको, फोटो बदलावेत. आता दुसरी साइट बघू. पत्ता वरच्या बॅनरच्या चित्रातच बसवलेला, आणि त्या चित्राची मूळ फाइल कोणाकडेच नाही. तोच पत्ता प्रत्येक पानावर वेगळा टाइप केलेला, माहितीपत्रकाच्या पीडीएफमध्ये आणखी एकदा. पासवर्ड केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या मुलाकडे. आणि डोमेन मालकाच्या नव्हे, तर साइट करून देणाऱ्याच्याच नावावर नोंदवलेले. इथे शहराचे नाव बदलणे जितके अवघड, तितकेच नवा फोन नंबर, नवी मशीन, वाढलेली फी किंवा बंद झालेली शाखा यांची दुरुस्तीही अवघड. म्हणून ती होतच नाही, आणि साइट हळूहळू खोटी माहिती देऊ लागते. माझ्या मते नव्या बांधणीचे पहिले खरे कारण हेच: साधी दुरुस्ती हाताबाहेर जाणे. दिसण्याचा नंबर त्याच्या बराच मागे लागतो.

मराठी साइटच्या बाबतीत याच जातीचा एक दोष आजही सापडतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण नंतरची कितीतरी वर्षे आपल्याकडे कृतिदेव, शिवाजी यांसारखे फॉन्ट वापरून मजकूर चढवला जात होता. तो फक्त वर मराठी दिसतो. आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे. ज्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही त्याला निव्वळ गिचमीड दिसते, आणि गूगलवर मराठीत शोधणाऱ्याला ते पान सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणण्याला इथे पर्यायच नाही, आणि तो आणायचाच असेल तर साचाही त्याच वेळी बदललेला बरा.

साइट आहे तिथेच असते, भोवतीचे जग मात्र बदलते. ईथन मार्कोट या डिझाइनरने पडद्याच्या मापानुसार रचना बदलणाऱ्या पानांची कल्पना मे २०१० मध्ये मांडली, तेव्हा भारतातला इंटरनेटचा बराचसा वापर संगणकावर होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि बहुतेकांचा पहिला पडदा फोनचा झाला. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर सुरक्षित जोडणी नसलेल्या प्रत्येक साइटच्या पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवू लागला. जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅश कायमचे बंद पडले आणि त्यावर नाचणारी मुखपृष्ठे कोरी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले की साइटची नोंद घेताना मोबाइलवरची आवृत्तीच प्रमाण धरण्याकडचे स्थलांतर पूर्ण झाले आहे. म्हणजे ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर झकास दिसणारी साइट फोनवर अर्धीच उघडत असेल, तर गूगलच्या लेखी ती अर्धीच आहे. वेगाचेही माप ठरलेले आहे: पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, आणि तोही चारपैकी किमान तीन भेटींत. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर हे कोणालाही विनामूल्य तपासता येते. मात्र यातला प्रत्येक दोष नव्या बांधणीनेच जातो असे नाही. सुरक्षेचे प्रमाणपत्र बसवणे हे छोटे काम आहे, आणि जड फोटो हलके केले की अनेक साइट सुधारतात. फोनवर मोडणारी रचना मात्र ठिगळे लावून क्वचितच सांधते.

यावर कोणी म्हणेल, की ग्राहक काही साचा पाहत नाही, तो रूप पाहतो. शेजारच्या क्लासची साइट चकचकीत असेल तर प्रवेश तिकडे जातात. यात तथ्य आहे. अनोळखी माणसाचा पहिला विश्वास रूपावरच बसतो, आणि दवाखान्याच्या बाबतीत तर ते फार महत्त्वाचे. पण सगळे उचलून नवे करणे किती महागात पडते, याचे उदाहरण ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरचे आहे. या कंपनीने सुमारे १५ कोटी पौंड खर्चून फेब्रुवारी २०१४ मध्ये नवी साइट सुरू केली. तिची कारणे वरवरची नव्हती. आधीची साइट ॲमेझॉनच्या यंत्रणेवर चालत होती आणि कंपनीला स्वतःची हवी होती. तरीही नेहमीच्या ग्राहकांना पुन्हा नोंदणी करावी लागली, सवयीच्या वाटा हरवल्या, आणि जूनअखेरच्या तिमाहीत ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घटली. एवढ्या सबळ कारणाने केलेला बदलही इतका बोचतो. मग ‘दर तीन वर्षांनी साइट नवी हवीच’ हा विक्रेत्यांचा मंत्र ऐकताना त्यात फायदा कोणाचा, हे विचारायला हवे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चौकशा व्हॉट्सॲपवर येतात, पत्ता गूगल मॅपवर सापडतो, फोटो इन्स्टाग्रामवर असतात. मग साइटवर पैसे घालायचेच कशाला? छोट्या दुकानाला हे पुष्कळदा लागूही पडते. पण गूगलनेच छोट्या व्यावसायिकांना बिझनेस प्रोफाइलमधून विनामूल्य साइट दिल्या होत्या, आणि मार्च २०२४ मध्ये त्या बंद केल्या. १० जूनपर्यंत जुन्या पत्त्यावरून ग्राहक प्रोफाइलवर पोहोचत होता, पुढे तेही थांबले. दुसऱ्याच्या जागेत बसल्यावर उठवले जाण्याची तयारी ठेवावी लागते. शिवाय वाळूज किंवा शेंद्र्याच्या मोठ्या कंपनीचा खरेदी अधिकारी नवा पुरवठादार पारखताना मशीनची यादी, क्षमता आणि प्रमाणपत्रे एका जागी मागतो. ती इन्स्टाग्रामवर शोधत बसायला त्याला सवड नसते.

राहिला प्रश्न डोमेनचा. ज्यांच्या डोमेनमध्येच औरंगाबाद आहे, त्यांनी ते बदलावे का? घाईने नको. पानांवर नवे नाव लिहावे, सोबत ‘पूर्वीचे औरंगाबाद’ असेही ठेवावे, कारण शोधणारे दोन्ही नावांनी शोधतात आणि परदेशी खरेदीदाराच्या कागदांवर जुनेच नाव असू शकते. बदलायचेच असेल, तर जुन्या प्रत्येक पानाचा पत्ता त्याच विषयाच्या नव्या पानाकडे कायमचा वळवून घ्यावा; सगळे पत्ते सरसकट मुखपृष्ठावर वळवणे ही सर्रास होणारी चूक आहे. हे वळण किमान वर्षभर ठेवा, असे गूगल सांगते. जुने डोमेन मात्र त्यानंतरही सोडू नये. व्हिजिटिंग कार्डावर, कंपन्यांच्या पुरवठादार यादीत आणि बँकेत दिलेले ईमेल त्याच डोमेनवर असतात, आणि नूतनीकरण चुकले की ते कोणीही विकत घेऊ शकतो.

नव्या साइटचा मुहूर्तही धंद्याचा हंगाम पाहून धरावा. क्लासने जूनच्या प्रवेशांच्या तोंडावर, कार्यालयाने तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होताना, कापड दुकानाने दिवाळीच्या आठवड्यात हे काम काढू नये. गूगलला नवे पत्ते नोंदवून घ्यायला आणि ग्राहकाला नवी मांडणी अंगवळणी पडायला काही आठवडे जातात, आणि त्या काळात चौकशीचा फॉर्म खरोखर पोहोचतो की नाही हे रोज स्वतः भरून पाहावे लागते.