दौंडचे डॉक्टर, पुण्याचे दिग्दर्शक: जब्बार पटेल

चेलाडी फाट्यावरून एसटी धरून पुण्यात नाटक बघायला जाणाऱ्या नसरापूरकरांनो, हे वाचाच. डॉ. जब्बार पटेल पेशाने बालरोगतज्ज्ञ. दवाखाना दौंडला, तालमी पुण्यात! १९७२ साली त्यांनी विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक बसवलं. नटांचीच रांग कधी पडदा व्हायची, कधी भिंत. दिग्दर्शनाची एवढी मोठी झेप मराठी रंगभूमीवर क्वचितच दिसते. नाटक मुळात रंगमंचावर आणणाऱ्या संस्थेने त्याचे प्रयोग थांबवले, तेव्हा पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि पुढे नाटक युरोपलाही नेलं. सिनेमात ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’. सुरुवात ‘सामना’पासून करा, त्यात श्रीराम लागू आणि निळू फुले समोरासमोर आहेत.