शेजारच्या ताईचा वर्ग

चौथी-पाचवीतल्या आपल्या मुलापुढे एकदा दुसरीचं मराठीचं पुस्तक ठेवून बघा. न अडखळता उतारा वाचला, तर उत्तमच. पण अक्षरं जुळवत बसला, तर रागावू नका. तो काही एकटा नाही. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा मजकूर नीट वाचता आला नव्हता.

अशी मुलं वर्गात गप्प बसतात. फळ्यावरचं उतरवून घेतात. वह्या भरलेल्या दिसतात आणि आपल्याला वाटतं, चाललंय की सगळं! पुढे शाब्दिक उदाहरणं कळत नाहीत, इतिहास डोक्यावरून जातो आणि आठवी-नववीत ‘मला नाही जायचं शाळेत’ सुरू होतं.

यासाठी महागडा क्लासच लावायला हवा, असं नाही. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना ‘बालसखी’ म्हणून तयार केलं. २ आठवड्यांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज २ तास शिकवायचं. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई-बडोद्यात हे काम तपासून पाहिलं. मुलांचे गुण वाढले होते, आणि जास्त फायदा झाला होता तो मागे पडलेल्यांनाच. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण शिकवणाऱ्या होत्या तुमच्या-आमच्या शेजारच्या पोरीच!

आमच्या गल्लीत कॉलेजच्या दोघींनी देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी असाच मोफत वर्ग काढला. पहिल्या आठवड्यात आली चार मुलं. चौकशी केली, तर एकीला वाटलं फी असेल. दुसरी म्हणाली, ‘‘अहो, ढ मुलांचा वर्ग ना तो? माझा गेला तर लोक काय म्हणतील?’’ मग आम्ही बचत गटाच्या बैठकीत विषय काढला, आयांना वर्ग बघायला बोलावलं आणि नाव ठेवलं ‘गोष्टींचा वर्ग’. आता सतरंजी पुरत नाही.

म्हणजे शिकवणारी ताई असते, मुलंही असतात; अडतं ते निरोपापाशी. तो निरोप आपण पोचवायचा. हळदीकुंकवाला, शाळेच्या फाटकाशी, शाळा व्यवस्थापन समितीत. कायद्याने त्या समितीत निम्म्या बायका असतात, तेव्हा बोलायला संकोच कशाला? वर्ग कोण घेतं, कुठे घेतं, हे मात्र स्वतः जाऊन बघा. जागा चार लोकांच्या नजरेसमोरची हवी. आणि घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल, तर तिला रोजचा एक तास मागा. शिकवता शिकवता तिलाही चारचौघांत बोलायचं धाडस येतं.

आज संध्याकाळी ‘किती मार्क पडले?’ हे राहू द्या. ‘एक गोष्ट वाचून दाखव बरं’ एवढंच म्हणा. स्वतःला वाचता येत नसलं, तरी आईला ऐकता तर येतंच ना!