फियाटची काच आणि रबराखालचे पाणी

मोटारीची पुढची काच गाडीला कशाने धरून ठेवलेली असते? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. कोणी स्क्रू सांगेल, कोणी डिंक. आजच्या गाड्यांच्या बाबतीत डिंकाचे उत्तर बरेचसे बरोबर आहे. त्यांची काच पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने सांगाड्याला जोडलेली असते आणि ते काम घरी करण्याचे नव्हे. पण जुन्या फियाटमध्ये ना स्क्रू असतो ना डिंक. तिथे असते फक्त रबर.

मांजर्लीतल्या आमच्या इमारतीखाली वडिलांची प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षे उभी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनणारी फियाट ११०० डी पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यांवरची या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली आणि आमच्या घरात 'आता आपली तरी चालू करू' असे बोलणे निघाले. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले तेव्हा ही गाडी चाकांपर्यंत बुडाली होती. त्यामुळे गंज खाली, तळाच्या पत्र्याला असणार असा आमचा हिशोब होता. सर्वात वाईट गंज निघाला तो पुराचे पाणी जिथे पोचलेच नव्हते तिथे, पुढच्या काचेच्या रबराखाली.

या रबराचा आडवा छेद घेतला तर एकमेकांकडे पाठ केलेल्या दोन खाचा दिसतात. एका खाचेत काचेची कड बसते, दुसरीत पत्र्याची बाहेर आलेली कड. रबर म्हातारे झाले की काच आणि रबर यांच्यात बारीक फट पडते आणि केशाकर्षण आपले काम सुरू करते. एक दशांश मिलिमीटर अंतरावर उभ्या धरलेल्या दोन स्वच्छ काचांमध्ये पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढते. रबर पाण्याने फारसे भिजत नाही, म्हणून इथे चढ कमी असतो. पण फटीत शिरलेले पाणी धरून ठेवायला तेवढा पुरतो. बदलापूरच्या पावसाळ्यात ही फट चार महिने वाळत नाही.

आता कोड्याचा भाग. गंजाला ऑक्सिजन लागतो, आणि रबराखाली तर तो सर्वात कमी. मग गंज तिथेच का? कारण गंजणे ही एक छोटी विद्युतघटमाला आहे. उघड्या कडेला ऑक्सिजन भरपूर मिळतो, तिथे तो इलेक्ट्रॉन घेतो. ते इलेक्ट्रॉन पुरवायचे काम आतल्या, ऑक्सिजनला वंचित असलेल्या लोखंडावर येते, आणि तेच विरघळत जाते. हे वर्गात दाखवता येते. पॉलिश कागदाने घासलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब टाका. त्या पाण्यात आधीच थोडे फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरीसायनाइड मिसळलेले असावे (यात आम्ल मात्र कधीही घालू नये). थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी होते आणि मध्यभाग निळा. निळा रंग विरघळलेल्या लोखंडाचा. आमच्या गाडीची काचेखालची पट्टी म्हणजे असाच लांबलचक थेंब होता.

जुने रबर कोपऱ्यांवरच चिरलेले होते. नैसर्गिक रबराच्या रेणुसाखळीत दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन ते तोडतो, आणि रबर ताणलेले असेल तर चिरा लवकर उघडतात. कोपऱ्यात रबर वळलेले, म्हणजे ताणलेले. नवे रबर घेताना ईपीडीएम मिळाले तर घ्यावे, त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात.

पहिल्या प्रयत्नात आमची काच तडकली. दोष पूर्णपणे आमचा. गंज खरवडताना डाव्या खालच्या कोपऱ्यात वाटाण्याच्या डाळीएवढा उंचवटा राहून गेला होता, आणि काच बसेना म्हणून आम्ही तिथेच तळहाताने ठोकले. काच दाबाला भक्कम असते, ताणाला दुबळी. उंचवट्यावर वाकली की एका बाजूला ताण येतो, आणि काचेच्या कडेवर कापतानाचे सूक्ष्म ओरखडे तयारच असतात. नशीब की काच लॅमिनेटेड होती. दोन काचांमधल्या प्लॅस्टिकच्या पडद्याने तुकडे धरून ठेवले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढच्या काचेसाठी लॅमिनेटेड काच आवश्यक केली, पण त्याआधीच्या गाडीत पुढेही टफन्ड काच सापडू शकते. तापवून झटकन थंड केल्याने तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. ती फुटली की एका क्षणात सगळीच्या सगळी बारीक खड्यांत विखुरते. चालत्या गाडीत समोरचे काही दिसेनासे होते. म्हणून तशी काच असेल तर ती परत बसवू नये. ओळखायला पोलराइज्ड गॉगल लावून आकाशाच्या उजेडात काचेकडे तिरके बघावे, टफन्ड काचेवर ठिपक्यांची नक्षी दिसते. आतला ताण असा डोळ्यांना दिसतो.

दुसऱ्या वेळी उल्हासनगरच्या एका जुन्या काचवाल्यांना विचारले. ते म्हणाले, "साहेब, काच ढकलायची नसते, रबर ओढायचं असतं." रबर आधी काचेवर चढवायचे. पत्र्याच्या खाचेत सगळीकडून गुळगुळीत दोरी बसवून तिची दोन्ही टोके खाली मधोमध आत सोडायची. मग काच बाहेरून टेकवून एकाने तळहाताने हलके दाबायचे, दुसऱ्याने आतून दोरी काचेला समांतर हळूहळू ओढायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत उलटतो. वंगण म्हणून साबणाचे पाणीच. तेलात रबर फुगते आणि मऊ पडते. साबणाचे पाणी मात्र वाळले की घर्षण परत येते, जे आपल्याला हवेच असते. रबर तासभर उन्हात ठेवले तर काम आणखी सोपे.

राहिली चकाकती पट्टी. ती शोभेची आहे असे आम्हीही समजत होतो. खोडरबर बोटांत दाबले तर ते बाजूंना फुगते, कारण रबराचा आकार बदलतो, आकारमान जवळजवळ बदलत नाही. पट्टी रबराच्या बाहेरच्या खाचेत पाचरीसारखी शिरते, तिथे ढकललेले रबर काचेवर आणि पत्र्यावर आवळून बसते. पट्टीशिवाय काच सैलच. काही रबरांत ही पट्टी काच बसवण्याआधी घालावी लागते, आमच्या रबरात मागाहून घातली. जुनी काढतानाच क्रम लिहून ठेवावा.

मग डॅशबोर्डवर वर्तमानपत्र पसरून झारीने पाणी ओतले, आधी खालच्या कडेला, मग वर वर सरकत, म्हणजे गळती कुठली ते कळते. कागद कोरडा राहिला. फक्त डाव्या खालच्या कोपऱ्यात, त्याच जागी, रुपयाएवढा डाग उमटला. तिथले रबर पुन्हा उचलून पत्रा तपासायचा आहे, पाऊस सुरू होण्यापूर्वी.