पाटाचं पाणी जिथं जन्मतं, तिथं एकदा जाऊन या

पाटाला पाणी सुटलं की आपला पहिला प्रश्न असतो, ‘आवर्तन किती दिवसांचं?’ आणि दुसरा, ‘आपला नंबर कधी?’ हे पाणी निघालं कुठून, असं मात्र सहसा कुणी विचारत नाही. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या पट्ट्यात प्रवरेच्या पाण्यावर तीन-तीन पिढ्या ऊस घेणारी घरं आहेत. त्यांतले कितीतरी जण शिर्डी, पंढरपूर, तिरुपती करून आले, पण भंडारदरा पाहिलेला नाही. मंडळी, हे बरं नाही. पुढच्या खेपेला दोन दिवस काढा आणि नदीच्या उलट दिशेनं निघा.

संगमनेरहून अकोल्याला आलात की प्रवरेकाठचा अगस्ती ऋषींचा आश्रम पाहून घ्या. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते. पुढे राजूर लागतं. तिथून रस्ता चढू लागतो, उसाची शेतं मागे पडतात आणि भाताची खाचरं सुरू होतात. वाटेतच रंधा धबधबा आहे. प्रवरा इथं साधारण १७० फूट खाली कोसळते. शेजारी घोरपडादेवीचं ठाणं आहे. वीजनिर्मितीसाठी पाणी वळवल्यापासून रंध्याचं खरं रूप पावसाळ्यातच दिसतं. कठड्याच्या आत राहूनच बघा. शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकला, तर सावरायला जागा नाही.

शेंडी गावाला पोहोचलात की समोर धरण. काम १९१० मध्ये सुरू झालं आणि डिसेंबर १९२६ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. म्हणून कागदोपत्री विल्सन डॅम आणि मागचा जलाशय आर्थर लेक. दगड-चुन्यातली ही भिंत सुमारे २७० फूट उंच, आणि पोटात ११ टीएमसी पाणी. भरलेल्या धरणातून पाणी सोडलं की मोरीपाशी खडकावर ते छत्रीसारखं पसरतं, त्याला अंब्रेला फॉल म्हणतात. हेच पाणी पुढे निळवंड्यात जातं, ओझरच्या बंधाऱ्यावर डाव्या-उजव्या कालव्यांना लागतं आणि तुमच्या चारीपर्यंत येतं. विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो याच पाण्याच्या भरवशावर.

धरणाच्या कडेकडेनं मुतखेलवरून रतनवाडीला जा. रतनगडाच्या पायथ्याशी अमृतेश्वराचं देऊळ आहे. शिलाहारांच्या काळातलं, हजारेक वर्षांचं. काळ्या दगडावरची नक्षी जवळून पाहण्यासारखी. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढतं आणि पिंड पाण्याखाली जाते. शेजारी बांधीव पुष्करणी आहे. प्रवरेचा उगम याच रतनगडाच्या अंगावरचा. पाय धड असतील तर गड चढा, माथ्यावर खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. त्याच्यातून वाऱ्याचा झोत असा येतो की टोपी हातात धरावी लागते.

पुढे साम्रद, घाटघर. घाटघरला कोकणकडा संपतो आणि पाऊस सुरू होतो म्हटलं तरी चालेल. चांगल्या वर्षी इथं पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांत पाचशे पडला तरी आपण देवाला नारळ फोडतो. एकाच जिल्ह्यात दहापट फरक!

धरण उशाला, कोरड घशाला

आता जे सांगायचं ते इथून पुढं. हा सगळा पाऊस उतारावरून धावत धरणात जातो. वरच्या वाड्यांवर उन्हाळा लागला की बायांच्या डोक्यावर हंडे चढतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथं रोजच्या जगण्यातली आहे. महादेव कोळी, ठाकर या समाजांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, म्हणून खाली आपली बागायत झाली. इंग्रजांविरुद्ध उठलेले आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. गावरान बियाणं जपून २०२० चा पद्मश्री मिळवणाऱ्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. हे मुलांना सांगत न्या.

तेव्हा जाताना पाहुण्यासारखं जा. डबा घरून बांधून नेऊ नका, गावातल्या घरी जेवण सांगा. तांदळाची नाहीतर नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि गावरान कोंबडी मिळेल, आणि पैसा त्या घरात राहील. परतताना काळभाताचा तांदूळ मिळाला तर दोन-चार किलो घ्या, घासाघीस न करता.

मे अखेर ते जूनचा पहिला पाऊस, या दिवसांत हिरडा, सादडा, बेहड्याच्या झाडांवर काजवे चमकतात. ते पाहायला अलीकडे गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्यांचा तो विणीचा काळ. गाडीचे दिवे, बॅटऱ्या आणि गाण्यांचा दणदणाट यानं त्यांची जोडीच जमत नाही. हे १९८६ पासूनचं अभयारण्य आहे. प्रवेशाचे पैसे भरा, पावती मागा आणि अंधारात गप्प उभे राहा. ज्यांना पाऊस आणि गर्दी दोन्ही नको, त्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरला जावं. धरण भरलेलं असतं, पठारं सोनकीनं पिवळी होतात.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक विनंती. हा आदिवासी पट्टा पेसा कायद्याखाली येतो, ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. गाड्या कुठं लावायच्या, कचरा कोण उचलणार, संडास कुठं, जेवणाचे दर किती, हे हंगामाआधी ग्रामसभेत ठरवून फलकावर लिहा. चार घरांना काम मिळेल आणि प्लास्टिक धरणात जाणार नाही.

कारण, बंधूंनो, शेंडीला फेकलेली बाटली शेंडीला राहत नाही. ती पाण्याबरोबर खाली, आपल्याच पाटाला येते.