काचेतला समुद्र (भाग ९) : ॲनिमोन आणताना घाई नको

एडिंबरोमध्ये १८८७ साली ‘ग्रॅनी’ मेली. ग्रॅनी म्हणजे एक समुद्रपुष्प, आपल्या हौशी मंडळींच्या भाषेत ॲनिमोन. सर जॉन डॅल्येल या निसर्ग-अभ्यासकाने ती १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणली होती. ते १८५१ मध्ये गेले, त्यानंतरही ती ३६ वर्षं जगली. ना पंप, ना फिल्टर. काचेचं भांडं आणि वरचेवर बदललेलं समुद्राचं पाणी. त्यामुळे घरच्या टँकमध्ये चार महिन्यांत ॲनिमोन गेला की ‘त्याचं आयुष्यच तेवढं’ असं कोणी म्हणालं तर मला ते पटत नाही.

ग्रॅनीची जात थंड पाण्यातली. आपण पाळतो तो बहुधा बबल टिप, हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळभित्तींवरचा. त्याच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडात तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा त्याला देतं. म्हणून साधी शोभेची ट्यूब पुरत नाही, प्रवाळांसाठी असतो तसा जोरकस दिवा लागतो. दुकानातला पांढराशुभ्र ॲनिमोन कितीही देखणा दिसला तरी घेऊ नका. त्याचं शैवाल निघून गेलेलं असतं, तो उपाशी असतो. भडक पिवळा दिसला तर रंगवलेला असण्याची शंका घ्या.

नवा टँक महिना-दीड महिन्यात माशांना चालू लागतो, पण ॲनिमोनसाठी निदान सहा महिने थांबा, वर्षभर थांबलात तर उत्तमच. तोवर पाण्यात चढउतार होत राहतात आणि याला तेच सोसत नाहीत. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस, हे आकडे गाठण्यापेक्षा टिकवणं अवघड. मुंबईच्या मे महिन्यात दिवे आणि पंप मिळून पाणी सहज तापवतात. चिलर परवडत नसेल तर पृष्ठभागावर पंखा सोडतात. तो उपयोगी आहे, मात्र त्याने बाष्पीभवन वाढतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि खारटपणा चढतो. ही घट रोज आरओ-डीआयच्या (गाळून क्षारमुक्त केलेल्या) गोड्या पाण्यानेच भरायची, मिठाच्या पाण्याने नव्हे.

ॲनिमोन आपली जागा आपणच निवडतो. खडकाच्या फटीत पाय रोवून बसला की मुक्काम. जागा मानवली नाही तर चालू लागतो. त्याला उपटून ‘छान दिसेल’ अशा जागी बसवू नका, पाय फाटला तर तो सहसा वाचत नाही. भटकताना पॉवरहेडच्या, म्हणजे टँकमध्ये प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या, तोंडात ओढला गेला तर चिंधड्या होतात आणि अख्खा टँक नासतो. म्हणून ॲनिमोन आणण्याआधीच पॉवरहेडवर जाळी किंवा स्पंज बसवलेला हवा. माशांच्या आजारावरचं तांबेयुक्त औषध या टँकमध्ये कधीही टाकू नका. माशांना सोसणारी मात्रासुद्धा त्याला मारते.

खाऊ म्हणून आठवड्यातून एकदा कोलंबीचा लहानसा तुकडा पुरे. मोठा दिला तर तो बाहेर टाकतो आणि पाणी बिघडतं.

अधूनमधून तो आकसून मुठीएवढा होतो, अंगातलं पाणी आणि घाण बाहेर टाकतो. तेव्हा घाबरायचं कारण नाही, काही तासांत पुन्हा फुलतो. काळजीची लक्षणं वेगळी: तोंड उघडंच लोंबतंय, पाय कशालाही धरत नाही, तंतू गळपटलेत आणि हे दिवसभर तसंच आहे. अशा वेळी आधी पाणी तपासा आणि थोडं बदला. अंग विरघळू लागलं, कुजका वास आला, तर मात्र वाट न पाहता त्याला बाहेर काढा, टँकमध्ये ताजा कार्बन घाला आणि त्याच दिवशी पाणी बदला. उरलेले मासे त्यावरच वाचतात.