घरात पाण्यावर हॉर्सटेलची जोपासना

कोकण किनाऱ्यावरील शेतकऱ्यास सुरूचे झाड नवे नाही. सुरूची हिरवी काडी दोन्ही टोकांस धरून हलकेच ओढली असता ती सांध्यावर सुटते आणि सुटलेल्या सांध्याशी बारीक दातांची कडी दिसते. या काडीवरूनच शास्त्रज्ञांनी सुरूच्या नावात ‘इक्विसेटिफोलिया’ म्हणजे ‘इक्विसेटमसारख्या पानांचे’ असा शब्द घातला. सुरू व इक्विसेटम यांचे नाते मात्र दिसण्यापुरतेच आहे. सुरू हा फुले येणारा वृक्ष आहे, तर इक्विसेटम ही फुले व बी नसलेली, नेच्यांच्या गोतातील वनस्पती होय. इंग्रजीत तिला हॉर्सटेल म्हणजे घोड्याचे शेपूट म्हणतात. शहरांतील रोपवाटिकांत ती शोभेसाठी विकावयास असते आणि काचेच्या बरणीत नुसत्या पाण्यावरही वाढते. मातीचा चिखल नाही, पानांचा कचरा नाही, म्हणून ती घरात ठेवण्यास सोयीची वाटते. सोयीची ती आहेच. परंतु ज्या पाण्यात ती उभी राहते त्या पाण्याची व पुढे तिच्या मुळ्यांची काळजी घेतली नाही, तर घरास व शिवारास ती जड जाण्याजोगी आहे.

घरात ठेवण्यास घेतात ती जात बहुधा इक्विसेटम हायमेल ही असते. ती मूळची उत्तर अमेरिका, युरोप व आशियाच्या उत्तर भागातील. तिच्या काड्या बोरूप्रमाणे पोकळ, सरळ व गर्द हिरव्या असून त्या सुमारे १ मीटरपर्यंत उंच होतात. प्रत्येक सांध्यावर काळसर व राखी रंगाचे वळे दिसते; तीच या वनस्पतीची पाने. अन्न तयार करण्याचे काम हिरवी काडी करते. काडीच्या टोकास लहानसा शंकू येतो व त्यातून पिठासारखे बीजाणू बाहेर पडतात. घरगुती लागवडीस बीजाणूंचा उपयोग नाही. जमिनीखालून आडवे धावणारे खोड तोडून त्याचे तुकडे लावणे हीच रीत. हॉर्सटेलची एक जात भारतातही, हिमालयातील ओढ्यांच्या व नद्यांच्या वाळूत वाढते.

या कुळाचा इतिहास फार जुना आहे. सुमारे ३० ते ३६ कोटी वर्षांपूर्वी, ज्या युगातील दलदलींपासून युरोप व अमेरिकेतील दगडी कोळसा बनला त्या युगात, याच्या गोतातील झाडे वृक्षाएवढी वाढत. विदर्भातही त्यांचा पुरावा आहे. नागपूर भागात स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केलेल्या वनस्पतींच्या अश्मांचे वर्णन बनबरी या अभ्यासकाने १८६१ साली प्रसिद्ध केले. त्यात हॉर्सटेलच्या गोतातील एक सांधेदार वनस्पती आहे. आज बरणीत उभी राहणारी वीतभर जुडी म्हणजे त्या मोठ्या घराण्यातील उरलेली एकच शाखा समजावयास हरकत नाही.

आता लागवडीकडे वळू. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीतील गड्डा पाण्यात भिजवून माती सैल करावी व वाहत्या पाण्याखाली मुळ्या धुऊन काढाव्यात. धुतलेले पाणी व त्यातील मुळ्यांचे तुकडे नालीत सोडू नयेत, बादलीतच ठेवावेत. त्याचे कारण पुढे येईल. कुजलेल्या काळ्या मुळ्या कापून टाकाव्यात आणि आडव्या खोडाच्या बोटभर तुकड्यास तीनचार काड्या राहतील अशा बेताने गड्डा फोडावा. रुंद तळाची काचेची किंवा आतून झिलई दिलेली बरणी घ्यावी; उंच काड्यांच्या भाराने अरुंद बरणी कलंडते. तळाशी स्वच्छ धुतलेले गोटे व जाड वाळू घालून त्यात खोड रोवावे आणि मुळ्या बुडून काड्यांचे बूड २ ते ५ सेंटिमीटर पाण्यात राहील एवढेच पाणी भरावे. बरणी काचेची असल्यास पाण्याच्या पातळीपर्यंत बाहेरून जाड कागद किंवा कापड गुंडाळावे, म्हणजे उजेडाअभावी शेवाळ धरणार नाही.

उजेडाच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते. हे पाणथळ काठाचे, उघड्यावरचे झाड आहे. माजघराच्या कोपऱ्यात ते महिनाभर हिरवे दिसते, मग नव्या काड्या बारीक व फिक्या येऊन वाकतात. पूर्वेकडील खिडकी किंवा पडवीचा कठडा ही त्याची योग्य जागा होय. उन्हाळ्यात दुपारचे ऊन मात्र टाळावे, कारण बरणीतील पाणी तापून मुळ्या कुजतात.

पाणी कोणते घालावे हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो, पण या वनस्पतीच्या बाबतीत तो महत्त्वाचा आहे. हॉर्सटेलच्या काडीवरून बोट फिरविल्यास ती कानशीप्रमाणे खरखरीत लागते. मातीतील सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य, मुळ्यांवाटे शोषून ती आपल्या सालीत साठविते. जपानात याच गुणामुळे लाकूडकामास घासून गुळगुळीतपणा आणण्यासाठी तिच्या वाळलेल्या काड्या वापरीत आले आहेत, आणि युरोपात स्वयंपाकाची भांडी घासण्यास तिचा उपयोग होत असे. चेन व लेविन या शास्त्रज्ञांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हॉर्सटेलची एक जात सिलिका नसलेल्या पाण्यावर वाढविली असता तिची वाढ नीट झाली नाही. म्हणून शुद्धीकरण यंत्रातून गाळून क्षार काढलेले पाणी पिण्यास चांगले असले, तरी या बरणीस ते नको. काळ्या कातळातील विहिरीच्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. तेच पाणी वापरावे. नळाचे पाणी असल्यास ते रात्रभर उघडे ठेवून सकाळी घालावे. भातउत्पादक शेतकऱ्यांस यात नवल वाटू नये. चारसूत्री भातशेतीच्या पहिल्याच सूत्रात रोपांच्या वाफ्यात भाताच्या तुसाची राख मिसळावयास सांगितले आहे, ते याच सिलिकेसाठी. तिने भाताचे रोप कणखर होते. खताची गरज थोडी आहे. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत ४ लिटर पाण्यास १ ग्रॅम या प्रमाणात महिन्यातून एकदा पुरे. जास्त दिल्यास शेवाळच पोसले जाते.

घरातील माणसांच्या दृष्टीने सर्वांत मोठी बाब डासांची आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास गटारात नव्हे, तर घरातील व अंगणातील साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची मादी पाण्याच्या काठाशी, भांड्याच्या ओलसर आतील बाजूस अंडी चिकटवून ठेवते. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास होण्यास सुमारे ८ ते १० दिवस लागतात. बरणीत फक्त वरून पाण्याची भर घालीत राहणे म्हणजे घरातच डासांचा वाफा तयार करणे होय. आठवड्यातून एक दिवस ठरवून बरणी पूर्ण रिकामी करावी आणि आतील बाजू व गोटे काथ्याने किंवा ब्रशाने घासावेत. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात व पुन्हा पाणी भरताच फुटतात. गावात कोरडा दिवस पाळला जात असेल तर त्याच दिवशी रांजण व पिंपांबरोबर ही बरणीही धुवावी. गावपातळीवरील कार्यकर्ते घरोघरी पाणीसाठे पाहतात तेव्हा ओटीवरील शोभेच्या बरण्यांकडे त्यांचे लक्ष गेले पाहिजे. ज्या घरात हा आठवड्याचा नेम पाळणे जमणार नाही, त्यांनी हॉर्सटेल पाण्याऐवजी ओल्या मातीच्या कुंडीतच लावावे. तेथेही ते चांगले वाढते.

दुसरी काळजी शिवाराची. जलपर्णीचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती सुंदर फुलांमुळे शोभेसाठी म्हणून देशोदेशी नेली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला. हॉर्सटेल पाण्यावर तरंगत नाही, पण काठाच्या ओलीत रुजते. खोडाचा लहानसा तुकडाही नवे झाड देतो. शेतात तण म्हणून वाढणाऱ्या त्याच्या एका जातीची खोडे जमिनीत दीड मीटरपेक्षाही खोल जातात, त्यामुळे खुरपणीने वा नांगरणीने ती जात हटत नाही. उलट नांगराने तुकडे होऊन पसरते. चिवट सालीमुळे तणनाशकाचाही परिणाम बेताचाच होतो. ऑस्ट्रेलियातील काही राज्यांनी हॉर्सटेलच्या लागवडीस व विक्रीस कायद्याने बंदी केली आहे, ती उगीच नव्हे. पाटाच्या कडेला, ओढ्यात, भातखाचराच्या बांधावर किंवा शेततळ्यात शोभेसाठी म्हणूनही हे झाड लावू नये.

जनावरांचीही काळजी घेतली पाहिजे. हॉर्सटेलमध्ये ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. थंड देशांत गवताबरोबर ते पोटात जाऊन घोडे अशक्त होतात, त्यांचा तोल जातो व वेळीच उपचार न झाल्यास ते दगावतात. वाळल्याने हा दोष जात नाही. काही जाती गाईंनाही बाधक आहेत. छाटलेल्या काड्या गव्हाणीत, वैरणीत किंवा शेळ्यांच्या तोंडी लागतील अशा जागी टाकू नयेत. लहान मुलांनाही त्या चघळू देऊ नयेत.

वर्षादीड वर्षात बरणी मुळ्यांनी भरते व गड्डा फोडावा लागतो. जादा मुळ्या, तसेच पहिल्या धुण्याच्या वेळी बादलीत राखलेले तुकडे, फडक्यातून गाळून पत्र्यावर किंवा खडकावर कडक उन्हात पसरावेत. आतून बाहेरून खडखडीत वाळून मोडताना कट् असा आवाज येईपर्यंत ते तसेच ठेवावेत व मग जाळावेत. उकिरड्यावर किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात ते घालू नयेत. तेथील ओलीत ते पुन्हा धरतात. जुन्या काड्या मात्र वेगळ्या काढून सावलीत वाळवाव्यात. त्यांची मूठभर जुडी दोऱ्याने बांधली म्हणजे पितळेची समई व तांब्याची भांडी घासण्यास ती उपयोगी पडते.