बीड ते ‘नांदी’, व्हिसाशिवाय!

गोवा झालं, केरळ झालं, बँकॉकही उरकलं. यंदा काहीतरी हटके हवंय. मग ग्रुपमधलं कुणीतरी नेटवर शोधून जाहीर करतं, ‘फिजी! व्हिसाच लागत नाही!’ झालं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर निळंशार पाणी. त्यात तुम्ही मूळचे बीडचे, नोकरी हिंजवडीत आणि आई-बाबांना एकदा विमानात बसवायचं मनात असेल, तर हा प्लॅन आणखीच गोड वाटतो. एम्बसीची अपॉइंटमेंट नाही, फायलीत बँक स्टेटमेंटचा गठ्ठा नाही आणि ‘तुम्ही परत येणार कशावरून?’ हा प्रश्नही नाही.

जरा थांबा बॉस. तो प्रश्न चुकत नाही. फक्त दुसऱ्या काउंटरवर विचारला जातो.

प्रश्न तेच, काउंटर वेगळं

फिजीचा नियम तसा सरळ आहे. भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही. तिथे उतरल्यावर चार महिन्यांपर्यंतचं व्हिजिटर परमिट मिळतं. अटी तीन. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट हवं आणि राहण्या-खाण्याचा खर्च झेपेल एवढे पैसे आहेत हे दाखवता यायला हवं.

हे सगळं फिजीत पोहोचल्यावर बघू, असं मात्र म्हणू नका. पहिली चाळणी मुंबई विमानतळावरच लागते. कागद अपुरे असलेला प्रवासी तिथून परत पाठवला गेला, तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते, वर दंडही होऊ शकतो. म्हणून चेक-इन काउंटरवरचा माणूस ‘टिमॅटिक’ नावाच्या डेटाबेसमध्ये तुमच्या पासपोर्टचे नियम तपासूनच बोर्डिंग पास देतो. परतीचं तिकीट ‘तिकडे गेल्यावर स्वस्तात काढू’ म्हणून ठेवलं असेल, तर ट्रिप सहार रोडवरच संपू शकते.

आणि हो, ज्या गावी उतरायचं त्याचं स्पेलिंग ‘नाडी’, पण उच्चार ‘नांदी’. मराठी माणसाला लक्षात ठेवायला एकदम सोपं!

वाटेतला देश विसरू नका

व्हिसा-फ्रीचा खरा घोळ इथे होतो. जायचंय त्या देशाला व्हिसा नको, पण ज्या देशात विमान बदलायचं त्याला हवा असतो. सिडनी किंवा मेलबर्नमार्गे स्वस्त तिकीट दिसलं, म्हणून क्लिक केलंत? भारतीय पासपोर्टला ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो फुकट मिळतो आणि ७२ तासांपर्यंत चालतो, पण आधी अर्ज करून मिळवावा लागतो. ऑकलंडमार्गे गेलात, तर न्यूझीलंडचाही तोच प्रकार. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायलासुद्धा व्हिसा हवा.

कुक आयलंड्स आणि निउए इथेही भारतीयांना थोड्या दिवसांसाठी आधी व्हिसा लागत नाही. पण निउएचं विमान ऑकलंडहून सुटतं आणि कुक आयलंड्सचा मुख्य रस्ताही तोच. म्हणजे कागदावर दार उघडं आणि अंगणाला कुलूप!

सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग सिंगापूरचा. मुंबई-सिंगापूर साडेपाच तास, तिथून नाडी साधारण दहा तास. दोन्ही फ्लाइट्स एकाच तिकिटावर असतील आणि बॅग थेट नाडीपर्यंत टॅग झाली असेल, तर सिंगापूरच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडावंच लागत नाही. दोन वेगळी तिकिटं काढून बॅग घ्यायला बाहेर जावं लागलं, की तिथले नियम लागू झाले. चार हजार रुपये वाचवायच्या नादात हे डोकेदुखीचं काम होऊन बसतं.

आईच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असेल तर?

आई-बाबांचा पासपोर्ट काढताना बीडच्या अनेक घरांत हा प्रश्न येतो. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असा शिक्का येतो. तो बघून अर्धे लोक घाबरतात आणि उरलेल्या अर्ध्यांना एजंट घाबरवतात. टेन्शन घेऊ नका. हा शिक्का ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे. फिजी त्या यादीत नाही आणि फिरायला जाणाऱ्याला २००७ पासून अशी परवानगी लागतही नाही. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्यांना शिक्षण कितीही असलं, तरी हा शिक्का लागत नाही.

तुम्ही पुण्यात आणि घर बीडला, म्हणूनही अडत नाही. २०१८ पासून देशात कुठूनही पासपोर्टचा अर्ज करता येतो. पोलिस चौकशी मात्र फॉर्मवर लिहिलेल्या पत्त्यावरच होते. तेव्हा राहता एकीकडे आणि पत्ता भलतीकडचा, असं करू नका.

सीताफळं घरीच ठेवा

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मिळालं, हे तुम्हाला कौतुकाचं. फिजीच्या बायोसिक्युरिटीवाल्यांना मात्र ते बियांनी भरलेलं परदेशी फळ दिसतं. छोट्या बेटांवर बाहेरची एखादी कीड शिरली, तर शेती उद्ध्वस्त व्हायला वेळ लागत नाही. म्हणून ताजी फळं, बिया, रोपं, मध बॅगेत नकोच. आईने हौसेने दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि घरचा मसाला अरायव्हल कार्डवर लिहून टाका. सांगितलंत तर फार तर काढून घेतील. लपवलंत तर दंड भराल.

उसाचं जुनं नातं

नाडीहून लौटोकाकडे निघालात, की रस्त्याच्या कडेने ऊस दिसायला लागतो. बीडच्या माणसाला इथे घरच्यासारखं वाटेल, पण हा ऊस आला कसा हेही माहीत असू द्या. १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन फिजीत पोहोचलं. १९१६ पर्यंत साठ हजारांहून जास्त भारतीय असे नेले गेले. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे, पुढे मद्रासकडचेही. पाच वर्षांचा ‘अ‍ॅग्रीमेंट’ हा शब्द त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाला. नाव, बापाचं नाव, वय, गाव, उंची, अंगावरची खूण लिहिलेला एमिग्रेशन पास, हाच त्यांचा प्रवेशाचा कागद. आज त्यांचे पणतू त्याच पासवरून भारतातलं आपलं गाव शोधतात. २०२३ पासून फिजीत गिरमिट दिनाची सार्वजनिक सुट्टी असते.

मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ आणि हंगामभर दुसऱ्याच्या गावी ऊस तोडायचा. हे बीडमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच एक गोष्ट गावाकडच्या भावंडांना आवर्जून सांगा. ‘व्हिसा लागत नाही, चल, तिकडे काम लावून देतो’ असं कुणी म्हणालं, तर पैसे देऊ नका. व्हिजिटर परमिटवर फिजीत काम करता येत नाही. त्यासाठी वेगळं वर्क परमिट, तेही जाण्याआधी. आणि एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, ते ‘ई-मायग्रेट’वर पाहता येतं. फुकटचं दार दाखवून उचल देणारा माणूस दीडशे वर्षांपूर्वीही होता.

निघण्याआधी हे तपासा

• पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतरही सहा महिने मुदत.

• तिकीट: जाण्या-येण्याचं, शक्यतो सिंगापूरमार्गे, एकाच बुकिंगवर.

• प्रिंटआउट: हॉटेल बुकिंग, बँक स्टेटमेंट, ऑफिसचं रजेचं पत्र. मोबाइलची बॅटरी ऐनवेळी दगा देते.

• मोसम: मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा काळ.

• घड्याळ: भारतापेक्षा साडेसहा तास पुढे. आईला सांगा, फोन दुपारी करायचा.

• नियम बदलतात: पैसे भरण्याआधी दिल्लीतल्या फिजी हाय कमिशनकडून खात्री करून घ्या.